शिकवणी थांबवता आली पाहिजे

(नाशिकमध्ये घरगुती शिकवणी घेणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, गंगापूर रोडवरून येताना क्लासचे फ्लेक्स तुम्हीही पाहिले असतील. टक्के मोठे, त्याहून मोठे मुलांचे चेहरे. आपण त्यातले नाही, असं म्हणून आपली सुटका होत नाही. पोरगं आपल्याही दारात चप्पल काढतं आणि महिन्याचं पाकीट आपल्याही हातात पडतं.

कायद्याचं पटकन सांगतो. शाळेतल्या शिक्षकाने खासगी शिकवणी घ्यायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने मनाई आहे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने कोचिंगवाल्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नको, गुणांची हमी नको, मध्येच सोडलं तर उरलेली फी परत. पण त्या पन्नासहून जास्त मुलांच्या क्लासला. आपल्या सतरंजीवर बसतात सहा-सात. म्हणजे आपल्याला विचारणारं कोणी नाही. आईबापही नाहीत, त्यांना फक्त मार्क दिसतात.

पेन कोणाच्या हातात होतं, ते मार्कांत दिसत नाही. आठवीतलं पोरगं 'ए प्लस बीचा होल स्क्वेअर' म्हणजे ए स्क्वेअर प्लस बी स्क्वेअर, असं ठोकून लिहितं. आपण लाल पेनाने मध्ये 'टू एबी' घालतो. दोन सेकंदांचं काम. उद्या चूक पुन्हा हजर! मी म्हणतो, ए दोन धर, बी तीन. एका वाटेने पंचवीस येतात, दुसरीने तेरा. मग घरातल्याच फरशीवर खडूने पाच बाय पाचचा चौकोन आखायचा, एका कोपऱ्यात दोन बाय दोन, समोरच्या कोपऱ्यात तीन बाय तीन. राहिलेल्या बारा फरश्या ते स्वतः मोजतं. सहा आणि सहा. तेवढा वेळ आपण गप्प बसायचं. तीस वर्षं झाली, मला अजून नीट जमत नाही, जीभ वळवळते. आणि घ्यायला आलेली आई विचारते, "सर, आज नुसत्या फरश्याच मोजल्या?"

प्रोजेक्ट करून देता का, असंही विचारतात. नाही म्हटलं की एखादं मूल जातं. जाऊ द्या.

आता एक कबुली. नववीतली एक मुलगी दिवाळीपर्यंत गणितात तयार झाली होती. मला ते कळत होतं. तरी मार्चपर्यंत फी घेतली. दहावीनंतर पेढे घेऊन आली तेव्हा सहज बोलून गेली, "सर, तुमची वेळ संध्याकाळची ना, म्हणून आईने माझं बास्केटबॉल बंद केलं होतं." ती खेळते, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी वही काढतो. हिला अजून मी लागतो का, एवढंच प्रत्येक नावापुढे लिहायचं. गेल्या दिवाळीत दोघांना मोकळं केलं. त्यातल्या एकाचे वडील अंबडच्या कारखान्यात आहेत. पहिली पाळी सुटल्यावर ते तसेच घरी आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "सर, आमचं काही चुकलं का?"