आठवीचा हजेरीपट

(१९७५ सालच्या दहावीच्या बॅचला पन्नास वर्षं झाली, त्यानिमित्त मंगळवेढ्यात झालेल्या स्नेहमेळाव्यातलं भाषण. बोलणं तसंच ठेवलंय, थोडी काटछाट केली आहे.)

अध्यक्ष महाराज, आणि गुरुजन. गुरुजन म्हणजे आता एकच सर उरलेत. समोर पहिल्या खुर्चीत बसलेत, नव्वदी पार केलीय आणि ऐकू कमी येतं. त्यामुळे मी जरा मोकळेपणानं बोलणार आहे.

मला पंधरा मिनिटं दिलीत आणि विषय दिलाय 'शाळेतले सोनेरी दिवस'. सकाळपासून इथं बरंच सोनं वाटून झालंय. छड्यांचं कौतुक झालं, मधल्या सुट्टीतल्या बोरांचं झालं, मुलींच्या बाकाकडं बघितल्याबद्दल कोण किती वेळ अंगठे धरून उभा होता तेही झालं. मीही हसले. पण मी चाळीस वर्षं कोषागारात काढली, आणि आमच्या खात्यात एक सवय लागते. बेरीज दाखवली की आम्ही आधी विचारतो, रक्कम कुठून सुरू केली?

तर मला तेच विचारायचंय. आपली बॅच आपण कुठून मोजतो?

तिथं भिंतीवर तो फोटो लावलाय ना, दहावीचा. त्यात तेहतीस जण आहेत. निमंत्रणं त्या फोटोवरून गेली, व्हॉट्सॲपचा ग्रुप त्या फोटोवरून झाला. मागच्या दिवाळीत मी शाळेत गेले आणि कार्यालयातल्या बाबूंना म्हटलं, जरा आमच्या आठवीचा हजेरीपट बघायला मिळेल का? त्यांनी दोन दिवसांनी शोधून काढला. कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण आकडे शाबूत. आठवीत, जून १९७२ ला, आपण बावन्न होतो. बावन्नातून तेहतीस वजा केले की एकोणीस उरतात. त्या एकोणीस नावांपुढं लाल शाईत लिहिलंय, 'सतत गैरहजर, नाव कमी'.

आता जून १९७२ म्हटल्यावर इथल्या जुन्या माणसांना पुढचं सांगावं लागत नाही. मागं आताची नववी-दहावीची मुलं बसलीत, त्यांच्यासाठी सांगते. आदल्या सालीही पाऊस धड नव्हता. बहात्तरला तर त्यानं पाठच फिरवली. मंगळवेढ्याची ज्वारी रब्बीची. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची आणि खोल काळ्या रानातल्या ओलीवर, थंडीवर काढायची. तिला वरून फार पाणी लागत नाही, पण जमिनीत ओल तर पाहिजे! त्या वर्षी ओलच नव्हती. रानाला भेगा पडल्या होत्या, आमच्या धाकट्याचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला होता.

आणि गाव कुठलं, तर ज्वारीचं कोठार म्हणून नाव असलेलं. त्याहून मोठं म्हणजे दामाजीपंतांचं. दुष्काळात ज्यांनी बादशहाची कोठारं लोकांना उघडून दिली त्यांचं हे गाव. त्या गावात आम्ही रेशनच्या रांगेत उभं राहून अमेरिकेतून आलेला मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, आणला. लाल मिलो. त्याची भाकरी थापताना कडा फुटायच्या, तव्यावर टाकली की तुकडे. आई पहिल्या दिवशी परातीकडं बघत नुसतीच बसली होती. मालदांडीच्या पांढऱ्याशुभ्र भाकरीत हात मुरलेली बाई ती. आज इथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, २०१६ साली मिळालं. चांगलंच झालं. पण ती बातमी वाचली तेव्हा मला आईची ती परात दिसली.

आता दुसरी गोष्ट, ती आज सकाळपासून कुणीच काढली नाही. आपण नव्या पॅटर्नची पहिली बॅच. दहा अधिक दोन अधिक तीन, म्हणजे दहावीपर्यंत शाळा, मग अकरावी-बारावी, मग पदवीची तीन वर्षं. कोठारी आयोगानं सुचवलेलं ते आपल्या वर्गापासून लागू झालं. मार्च १९७५ ची दहावी ही राज्यातली पहिली दहावी. त्याच मार्चमध्ये आपल्या पुढच्या वर्गानं जुनी अकरावी, म्हणजे तोवरची मॅट्रिक, दिली, ती शेवटची. माझा थोरला भाऊ माझ्याहून एकच इयत्ता पुढं. त्यामुळे आमच्या घरात एकाच वर्षी दोन मॅट्रिक! तो अकरावी पास झाला, मी अकरावीत गेले. आजी शेवटपर्यंत शेजारणींना सांगायची, "दोघंबी अकरावीच, पण पोराची झाली न् पोरीची व्हायची हाय." माझ्या स्थळांच्या वेळीसुद्धा हा घोळ होता. मुलगी दहावी झाली म्हटल्यावर समोरचा विचारायचा, म्हणजे मॅट्रिकला एक वर्ष राहिलं का?

हसायला ठीक आहे. पण पहिली बॅच म्हणजे काय, ते घरात कळायचं. तोवर रीत अशी की थोरल्याची पुस्तकं धाकट्याला. नाही तर पुढच्या वर्गातल्या कुणाची तरी अर्ध्या किमतीत घ्यायची, खळ लावून पुठ्ठा चिकटवायचा, झालं. आमच्या वर्षी अभ्यासक्रम बदलला आणि घरातली सगळी जुनी पुस्तकं एका दिवसात रद्दी झाली. भावाची आठवीची पुस्तकं मी छातीशी धरून शाळेत गेले आणि सरांनी बघून परत केली. म्हणाले, "बाळ, ही आता चालायची नाहीत." सगळं कोरं विकत घ्यायचं, आणि तेही कुठल्या साली, तर बहात्तर साली! त्या एकोणीसपैकी निदान चौघांचं शिक्षण पावसानं नाही, पुस्तकांच्या यादीनं थांबवलं असं माझं मत आहे. नवा अभ्यासक्रम चुकीचा होता असं मी म्हणत नाही. गणित-विज्ञान सगळ्यांना सक्तीचं झालं म्हणून तर माझ्यासारखी मुलगी आकडेमोडीत टिकली आणि पुढं त्यावर पोट भरलं. माझं भलं झालं. पण ज्यांचं झालं नाही ते फोटोत नाहीत, एवढंच.

नव्या गणितात 'संच' आले होते, आठवतंय? संयोग, छेद, उपसंच. सरांना स्वतःलाही ते नवीन होतं, प्रशिक्षण घेऊन आले होते आणि मोठ्या उत्साहानं शिकवायचे. (सर, तुमच्याबद्दलच बोलतेय. त्यांना काही कळलेलं नाही, असू द्या.) त्यांनी रिक्त संच समजावला. ज्यात एकही घटक नाही तो रिक्त संच. आणि म्हणाले, व्यवहारातलं उदाहरण द्या. सगळे गप्प. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. दक्षिणेकडच्या एका खेड्यातून रोज चालत यायचा. म्हणाला, "सर, आमचं पेव."

मुलांसाठी सांगते, पेव म्हणजे ज्वारी साठवायचं जमिनीखालचं कोठार. एखाद्या घरात दोन-दोन असायची.

वर्ग खदखदून हसला. सर हसले नाहीत. ते वळले आणि फळ्यावर महिरपी कंस काढून त्यापुढं लिहिलं, 'पेवातील ज्वारी'. आत काहीच नाही. तास संपेपर्यंत ते पुसलं नाही.

तो मुलगा जानेवारीपासून यायचा बंद झाला.

त्याच्या आधी गॅदरिंग झालं. नाटक ठरलेलंच, दामाजीपंतांचं. मंगळवेढ्यातल्या शाळेत दुसरं काय बसवणार! कोठार उघडण्याचा प्रसंग, त्याला पोती पाहिजेत. एरवी पोत्यांत भुसा भरायचे. त्या वर्षी भुसा जनावरांनाच पुरत नव्हता, म्हणून नदीची वाळू भरली. पण दामाजीपंत पोत्यात हात घालून ओंजळीनं धान्य ओततात, तिथं वाळू कशी ओतणार? तेव्हा सरांनी आपल्या घरून अर्धी पायली ज्वारी आणली आणि पुढच्या पोत्याच्या तोंडाशी पसरली. खाली वाळू, वर ज्वारी. नाटक चाललं. ओंजळ वर गेली, कंदिलाच्या उजेडात दाणे पडले, आणि समोर बसलेल्या बाया एकदम गप्प झाल्या. टाळ्या नाहीत, काही नाही. मी पडद्याच्या दोरीपाशी उभी होते, मला तो आवाज अजून ऐकू येतो. दाण्यांचा.

सकाळी बघितलं तर पोत्यात वाळू तेवढी होती. ज्वारी कुणी नेली, याची चौकशी सरांनी केली नाही.

कुणी नेली ते मला माहीत आहे. पन्नास वर्षं सांगितलं नाही, आजही सांगणार नाही. आमच्या घरी त्या दिवशी पांढरी भाकरी झाली एवढं सांगते.

त्या उन्हाळ्यात मी पण आईबरोबर कामावर गेले. खडी फोडायला. दुष्काळी कामं निघाली होती, रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग. त्र्याहत्तरच्या मे महिन्यात राज्यात जवळजवळ पन्नास लाख माणसं अशा कामांवर होती. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी त्याच काळात आकाराला आली, पुढं १९७७ ला तिचा कायदा झाला. पुढं देशानं ते घेतलं. त्याचा अभिमान वाटतो, आणि वाटायलाच पाहिजे. पण मला आठवतो तो मस्टर. झाडाखाली कारकून बसायचा, नावं पुकारायचा. मी तेरा वर्षांची. त्यानं माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं आणि मस्टरवर लिहिलं, वय अठरा. पहिल्या दिवशी माझं नाव पुकारलं तेव्हा सवयीनं मी "हजर सर" म्हणाले. शेजारी फोडणाऱ्या तिघीजणी फिस्सकन हसल्या. वळून बघितलं तर त्यातली एक आपल्याच वर्गातली. शाळेच्या पटावर गैरहजर, इथं रोज हजर. दुपारी सुकडी, म्हणजे कोरडं पौष्टिक खाणं, वाटायचे, ती आम्ही दोघी एकाच फडक्यात घ्यायचो.

जूनमध्ये पाऊस झाला. मी शाळेत परतले, ती नाही. तिचं लग्न ठरलं होतं.

म्हणून हजेरीपट बघितल्यावर मी आणि आणखी दोघांनी ठरवलं, एकोणीस जणांना शोधायचं. सोपं नव्हतं, मुलींची तर नावंही बदललेली. वर्षभरात अकरा सापडले. पाच वारलेत. तिघांचा काहीच पत्ता नाही. कोण गिरणीत लागलं, कोण ऊसतोडीला जाऊन तिकडंच राहिलं. त्या माझ्या खडीवरच्या मैत्रिणीला फोन केला तर म्हणाली, "मी कशाला येऊ गं? मी कुठं पास झाले?" तिला म्हटलं, आम्ही पास झालो त्याचा मेळावा नाही हा. तिला ते पटलं नाही. तरी आलीय, तिसऱ्या रांगेत, हिरवं लुगडं. आता तोंड लपवतेय बघा.

आणि तो मागच्या बाकावरचा मुलगा. त्याच्या नातवाच्या फोनवर बोलले. आमच्या वेळी वर्गात मुलगे-मुली एकमेकांशी बोलत नव्हतो, त्यामुळे त्यांच्याशी आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होते, अहो-जाहोनं. ओळख सांगितली, शाळा सांगितली, सरांचं नाव सांगितलं. मग विचारलं, तुम्ही रिक्त संचाचं उदाहरण दिलं होतं, आठवतंय का?

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पेव आठवतंय की ताई. पर त्यो संच म्हंजी काय, तेवढं कळायचं राहिलं बगा."

तेही आलेत आज. सरांच्या शेजारची खुर्ची मी त्यांच्यासाठी ठेवली होती, पण ते मागं जाऊन बसलेत.