दुर्बीण घालायची की नाही?

नमस्कार, श्रोतेहो. 6 महिने उलटून गेले, ओटीपोट दुखतंच आहे, सोनोग्राफी मात्र नॉर्मल. मग डॉक्टर म्हणतात, पोटात दुर्बीण घालून (लॅपरोस्कोपी करून) बघू या.

सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे दुखणं मनाचं, असं घरच्यांनी अजिबात म्हणू नये. गर्भपिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर रुजतो, त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. त्याचे बारीक डाग सोनोग्राफीत बहुधा सुटतात, दुर्बिणीत दिसतात. पण आखडलेले स्नायू, चिडलेलं आतडं दुर्बिणीलाही दिसत नाही. म्हणून तर अशा ऑपरेशनांत तिसरा हिस्सा ते निम्म्या जणींच्या पोटात काहीच सापडत नाही.

तेव्हा आधी वही घाला. दोन-तीन पाळ्या रोज लिहा: दुखणं दहापैकी किती, लघवीला, संडासला जाताना, संबंधाच्या वेळी वाढतं का. दुखणं पाळीबरोबर येत-जात असेल आणि सध्या मूल नको असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं 3 ते 6 महिने हॉर्मोनच्या गोळ्या घेऊन बघता येतं. उताणं झोपून, दुखऱ्या जागी बोट दाबून डोकं उचला. कळ वाढली, तर दुखणं पोटाच्या भिंतीत असू शकतं, सिझेरियनच्या व्रणाजवळच्या नसेतही.

तरी ऑपरेशन ठरलं, तर पूर्ण भूल देतात, बेंबीत सेंटिमीटरभर छेद घेतात आणि कार्बन डायऑक्साइडनं पोट फुगवतात. त्या गॅसमुळे दोन दिवस खांदा दुखतो, घाबरू नका. आतड्याला, मूत्राशयाला किंवा रक्तवाहिनीला मोठी इजा हजारात साधारण दोघींना होते. आधीचं सिझेरियन असेल तर आतडं बेंबीजवळ चिकटलेलं असू शकतं, ते आवर्जून सांगा. आतड्याची इजा कधी कधी टेबलावर कळत नाही. घरी गेल्यावर पोट फुगलं, ताप आला, दुखणं उतरायच्या ऐवजी चढलं, तर सकाळच्या एसटीची वाट बघू नका. राधानगरी, गगनबावड्याकडच्यांनी गाडीची सोय आधीच करून ठेवावी.

सही करण्यापूर्वी विचारा: डाग दिसले तर त्याच भुलीत काढणार का? तुकडा तपासायला पाठवणार का, क्षयाचीही तपासणी होणार का? संमतीपत्र मराठीत वाचून घ्या. त्यात "गरज पडल्यास गर्भाशय काढणे" असं लिहिलेलं दिसलं, तर कोणत्या गरजेपोटी ते विचारा, आणि पटलं नाही तर ती ओळ खोडून घ्या. डिस्चार्जच्या वेळी आतले फोटो किंवा व्हिडिओ मागून घ्या. पुढचे डॉक्टर बदलले तर तेच कामाला येतात.