चिंधी कुजली पाहिजे

श्रोतेहो, नमस्कार.

आयर्लंडमध्ये एखाद्या झऱ्याकाठच्या झाडावर चिंध्या लोंबताना दिसल्या, की ती पवित्र विहीर आहे असं समजावं. अशा सुमारे ३,००० विहिरी त्या देशात आहेत. रहाट, पायऱ्या असं काही डोळ्यांपुढे आणू नका. बहुतेक ठिकाणी नुसता जिवंत झरा, भोवती रचलेले दगड आणि शेजारी हॉथॉर्नचं काटेरी झाड. बहुतेक विहिरींचा एकेक संत असतो. त्याच्या दिवशी भरणाऱ्या जत्रेला ‘पॅटर्न’ म्हणतात. ‘पेट्रन’, म्हणजे पाठीराखा संत, यावरून तो शब्द आला. कॉर्क परगण्यात बॅलिव्हर्नीला संत गॉबनेटची जत्रा ११ फेब्रुवारीला, वॉटरफर्डमधल्या आर्डमोरला संत डेक्लनची २४ जुलैला.

मुख्य विधी फेऱ्यांचा. विहीर उजव्या हाताला ठेवून सूर्याच्या गतीनं फिरायचं, आपल्या प्रदक्षिणेसारखंच. फेऱ्या कुठे तीन, कुठे सात, कुठे नऊ. मोजणी चुकू नये म्हणून तेवढे खडे आधीच वेचून घ्यायचे आणि दर फेरीला एक खाली टाकायचा. तोंडानं प्रार्थना चालू, पाय पुष्कळदा अनवाणी. उलटं फिरणं म्हणजे कुणाला तरी शाप देणं. बॅलिव्हर्नीला दगडावर खड्यानं क्रूसही रेखतात; पिढ्यान्‌पिढ्या त्याच रेघेवर खडा फिरल्यानं तिथं खोल खाचा पडल्या आहेत. शेवटी पाण्याचे तीन घोट.

१७०४ च्या कायद्यानं या यात्रांवर बंदी आली. दहा शिलिंग दंड, तो भरला नाही तर फटके. तरीही लोक जात राहिले.

हे पाणी घरकामाला वापरायचं नाही. चुलीवर ठेवलं तर ते उकळतच नाही, असं जुनी माणसं सांगत. विहिरीत मळके कपडे धुतले, तर ती रुसून रातोरात दुसरीकडे जाते. विहिरीत मासा दिसला, तर दुखणं बरं होणार. १९३७ ते १९३९ या काळात शाळकरी मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून अशा कितीतरी समजुती वह्यांत उतरवून ठेवल्या. ते काम फार मोलाचं आहे.

आता चिंधी. ती अंगावरच्याच कपड्याची फाडायची, विहिरीच्या पाण्यात भिजवायची, दुखऱ्या भागावर फिरवायची आणि मग झाडाला बांधायची. चिंधी जसजशी कुजेल तसतसं दुखणं ओसरेल, अशी श्रद्धा. म्हणजे सगळी मदार कुजण्यावर आहे, आणि नेमकं तेच हल्ली बिघडतं. लोक नायलॉनच्या फिती बांधतात. त्या वर्षानुवर्षं तशाच राहतात. फांदी जाड होत जाते, फीत सैल होत नाही. ती सालीत रुतते आणि फांदी वाळते. खोडात ठोकलेल्या नाण्यांनीही झाडाला इजाच होते. बरं, दुसऱ्याची चिंधी सोडली तर त्याचं दुखणं आपल्याकडे येतं अशी समजूत, त्यामुळे श्रद्धाळू माणूस त्या फितीला हात लावत नाही.

तिकडे जाणं झालंच, तर सुती किंवा लोकरी कापडाची बोटभर रुंदीची पट्टी न्या आणि गाठ सैल मारा.