मरणाऱ्याला हजार वर्षांचं आयुष्य

नमस्कार श्रोतेहो. ‘गँग्ज ऑफ वासेपूर’ चित्रपटाच्या पहिल्या भागाचा शेवट आठवतो का? पेट्रोल पंपावर सरदार खानच्या गाडीची गोळ्यांनी चाळण झालीय. सरदार खान झालेला मनोज बाजपेयी कसाबसा बाहेर पडतो. हातात पिस्तूल, पाय लटपटतायत. आणि भोजपुरी गायक मनोज तिवारीचा खडा आवाज लागतो, ‘जिया हो बिहार के लाला’. हजार वर्षं जग म्हणून आशीर्वाद, तोही नाचऱ्या ठेक्यात, आणि कुणाला, तर उभ्या उभ्या मरणाऱ्या माणसाला! इथे व्हायोलिनने गळा काढला असता, तर आपणही दोन उसासे टाकून मोकळे झालो असतो. या गाण्याने ती सोय ठेवली नाही. माणूस खुनशी, बाहेरख्याली, तरी कौतुकाचा. त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

धनबादच्या कोळसा माफियाची ही गोष्ट 2012 मध्ये दोन भागांत आली. संगीत स्नेहा खानवलकरचं. इंदूरची मराठी मुलगी. मुंबईत बसून गाण्याला बिहारी फोडणी देणं तिला सहज जमलं असतं. पण ती माइक घेऊन बिहारमध्ये हिंडली, थेट त्रिनिदादलाही गेली. त्रिनिदाद कशाला? 1845 ते 1917 या काळात भोजपुरी मुलखातले मजूर गिरमिटावर, म्हणजे कराराने बांधले जाऊन, तिथल्या उसाच्या मळ्यांत गेले. बायकांची लग्नातली गाणी बोटीतून सोबत गेली, कॅरिबियन ठेक्यात मुरली आणि त्यातून ‘चटणी’ संगीत झालं. ‘हंटर’ हे गाणं त्याच जातीचं. चांगलंच चावट आहे. घरात वडीलधारे असतील तर हेडफोन लावा.

मला मात्र सगळ्यात आवडतं ते ‘तार बिजली से पतले’. शब्द वरुण ग्रोव्हरचे. नवरी आपल्या काटकुळ्या नवऱ्याची टर उडवते आणि वर सासूलाच जाब विचारते, हे काय करून ठेवलंस म्हणून! आपल्याकडे विहिणीला गाण्यातून चिमटे काढत, तसलाच मामला. गायलंय बिहारच्या लोकगायिका शारदा सिन्हा यांनी. छठपूजा, म्हणजे बिहारचा सूर्यपूजेचा सण, त्यांच्या गाण्यांशिवाय होत नाही, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये ऐन छठच्या दिवसांतच त्या गेल्या. अशा बाईला गँगवॉरच्या चित्रपटात बोलवायचं, आणि त्यांनीही एवढ्या मिश्कीलपणे गायचं! ‘सासू’ म्हणताना त्यांचा आवाज किंचित लाडात येतो, तेवढं कान देऊन ऐका. लावतोय.