पणजीचा फेरफार

श्रोतेहो, नमस्कार.

२०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि तहसील कचेऱ्यांतली जुनी दप्तरं भराभर खाली निघाली. जन्ममृत्यूची कोतवाल बुकं, शाळेची दाखल-खारीज रजिस्टरं, मोडीतले फेरफार, म्हणजे जमीन कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर गेली त्याच्या नोंदी. खटाव तालुक्यातली आमची भावकीही त्या रांगेत होती. ज्याला दाखला हवा तो 'कुणबी' या एका शब्दापुरतं पान बघायचा आणि उलटायचा. मी मात्र पणजोबांच्या पानावर अडकले.

कोतवाल बुकात त्यांच्या मृत्यूचं कारण लिहिलंय 'ताप'. साल १९१८. त्या पानावर वरपासून खालपर्यंत तापच ताप. ही मानमोडी. जूनमध्ये मुंबई बंदरात उतरलेला इन्फ्लुएंझा पावसाळा सरता सरता खेड्यापाड्यांत पोचला आणि एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या आसपास माणसं गेली. त्याच वर्षी पावसानंही दगा दिला होता. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. त्यानंतरच्या एकाही जनगणनेत तसं झालेलं नाही.

आमच्या घरात पुढची हकिकत अशी सांगतात, की पणजोबा गेले, पोरं लहान, मग चुलत पणजोबांनी सगळं सांभाळलं. त्यांचा फेट्यातला फोटो सोप्यात आहे. पणजीचा फोटो कुणी काढलाच नाही.

फेरफार वेगळंच बोलतो. खातेदार मयत, वारस मुलगा अज्ञान, सबब पालनकर्ती आई. सातबाऱ्यावर 'अ. पा. क.', म्हणजे अज्ञान (वयात न आलेल्या) वारसाचा पालनकर्ता, असा शेरा तुम्ही पाहिला असेल, तोच हा. चुलत पणजोबांचं नाव या खात्यावर कुठंच नाही, कारण वाटण्या आधीच झालेल्या होत्या. म्हणजे शेतसारा भरायचा तो हिनं. थकला तर जमीन सरकारजमा व्हायची भीती. पुढे एक तुकडा सावकाराकडे नजरगहाण, म्हणजे ताबा न देता तारण, पडल्याची नोंद आहे, आणि बऱ्याच वर्षांनी ते गहाण फिटल्याची. दोन्ही वेळा पालनकर्ती तीच. मग मुलगा सज्ञान झाला आणि आईचं नाव कमी केलं. दप्तराच्या लेखी पणजी तेवढीच.

गहाण फेडायला पैसा कुठून आला, हे कागद सांगत नाही. ते सांगितलं नव्वदीतल्या आत्यांनी. "आगं, बैल कुठं व्हतं? एक आपला, एक दुसऱ्याचा. वारंगुळ्यानं चालायचं समदं. गडी मिळाला न्हाई तर म्हातारी सोताच तिफण हाकायची, आन् चाड्यावर मूठ धरायला पोरगं. गावानं लई नावं ठिवली." गहाण फिटलं ते शेळ्यांवर, असं आत्या म्हणतात. करडं बाजारात नेऊन विकायची, पैसा घरात कुणाला दाखवायचा नाही, थेट सावकाराच्या ओट्यावर. दिराला म्हणे तिनं गहाण फिटल्यावरच सांगितलं. यात आत्यांचं पदरचं किती, देव जाणे. पण तारखा जुळतात.

तुम्हीही शोधायला निघालात, तर आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसा. दप्तर कुठं पळून जात नाही. बऱ्याच जिल्ह्यांतले जुने फेरफार आता संगणकावर मिळतात, आणि मोडीचं म्हणाल तर राज्याचं पुराभिलेख संचालनालय तिचे वर्ग घेतं. आणि म्हातारीला 'आजोबा काय करायचे' असं विचारू नका, त्यावर ठरलेलं उत्तर येतं. शेतात कोण जायचं, उधारी कोण फेडायचं, असं विचारा.

आता आमच्या भावकीची वंशावळ छापायचं घाटतंय. मी पणजीचं नाव घालायला सांगितलं. एक वडीलधारे म्हणाले, "बायकांची नावं घातली तर कागद पुरायचा नाही." मी म्हटलं, "तात्या, मग मोठा कागद आणा. त्याचे पैसे मी देते." त्यावर तात्या बोलले नाहीत. मजकूर अजून छापखान्यात गेलेला नाही.