डिसेंबरातला कूलर

श्रोतेहो, नमस्कार. गोष्टीतलं माणूस खरं कसं वाटावं, वाचणाऱ्याचा जीव त्याच्यात कसा गुंतावा, यावर आज बोलायचं आहे. नव्यानं लिहू लागलेली मुलं-मुली मला हे सारखं विचारतात आणि मी त्यांना एका कूलरची हकिकत सांगतो. आज तुम्हालाही तीच सांगणार आहे. कूलर म्हणजे काय, हे नागपूरकरांना सांगायची गरज नाही.

सत्तावीस वर्षांचा असताना मी बंद पडलेल्या मिलमधल्या एका कामगारावर कथा लिहिली. 1877 साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल आपल्या शहरात सुरू झाली. तेव्हापासून इथल्या कितीतरी घरांचा दिवस मिलच्या भोंग्यावर चालला. तो भोंगा थांबतो तेव्हा माणसाचं काय होतं, ते मला लिहायचं होतं. माझा नायक रडायचा. पहिल्या पानावर ओसरीत बसून रडायचा, शेवटच्या पानावर मिलच्या फाटकाला धरून रडायचा. लिहिताना माझे डोळे भरून आले होते, त्यामुळे ऐकणाऱ्याचेही येतील असं मला वाटलं.

तेव्हा आम्ही नागपूरच्या महाल भागात राहायचो. शेजारी एक काकाजी होते. एका मिलमध्ये लूमवर, म्हणजे कापड विणायच्या यंत्रावर, त्यांची तीस वर्षं गेली आणि मग ती मिल बंद झाली. त्यांना मी कथा वाचून दाखवली. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "चांगलं लिहिलं, बाबू. पण हा माणूस झोपते कवा?"

मला प्रश्नच कळला नाही.

"रडलो नाही रे आम्ही," ते म्हणाले. "आमाले झोप येत नोती."

मग त्यांनी सांगितलं. शेकडो लूम एका छपराखाली खडखडतात. तिथं बोललेलं ऐकू येत नाही, माणसं ओठांवरून आणि हातांच्या खुणांवरून समजून घेतात. तीस वर्षं तो आवाज कानांत घेऊन ते घरी यायचे आणि पडल्या पडल्या झोपायचे. मिल बंद झाली आणि तो आवाज गेला. "घर एवढं चूप, का कानात दुखे," हे त्यांचे शब्द.

म्हणून त्यांनी डिसेंबरात कूलर लावला. पाणी नाही, पंप बंद, नुसता पंखा. बाहेर पारा दहाच्या खाली, मुलं रजईत तोंड खुपसून झोपलेली, आणि खोलीत रात्रभर कूलरची घरघर. शेजारचे विचारायचे, "काहून बाप्पा, थंडीत कूलर?" काकाजी सांगायचे, "मोटर जाम होते, फिरवून ठेवतो." काकू दिवसा विजेच्या बिलावरून भांडायच्या. रात्री मात्र त्यांनी एकदाही कूलर बंद केला नाही. आणि रात्री लाइन गेली, की त्या उठून बसायच्या आणि बोलायला लागायच्या. वांग्यांचा भाव, माहेरचं लग्न, जे सुचेल ते. लाइन येईपर्यंत बोलत राहायच्या.

इथं थोडं विषय सोडून बोलतो. काकाजींचं बोलणं मी त्यांच्याच बोलीत सांगितलं. आपल्याकडचे लेखक नायकाच्या तोंडी पुस्तकी मराठी घालतात आणि आपली बोली गड्याला किंवा हसवणाऱ्या पात्राला देतात, ते मला फार लागतं. 'मी येऊन राहिलो' म्हणणारा माणूसही प्रेमात पडतो, त्याचंही पोर आजारी पडतं. त्याचं दुःख त्याच्याच शब्दांत लिहा. आणि कूलरचा विषय निघालाच आहे, तर हेही सांगतो. एसीसाठी खिडक्या बंद झाल्या आणि मे महिन्यातल्या रात्री गल्लीतलं बोलणं घरात यायचं थांबलं. लिहिणाऱ्याचं यात मोठं नुकसान झालं आहे.

तर, मुद्दा. पात्र काय लपवतं ते आधी शोधा. पुन्हा सांगतो, पात्र काय लपवतं ते आधी शोधा. भरताच्या नाट्यशास्त्रात स्थायी, म्हणजे मनात टिकून राहणारे, भाव आठ आहेत आणि येऊन-जाऊन असणारे व्यभिचारी भाव तेहेतीस. एका शोकाभोवती शंका, दैन्य, गर्व, चिंता असे कितीतरी भाव फिरत असतात. त्या तेहेतिसांत एक आहे अवहित्थ. मनातलं चेहऱ्यावर दिसू न देणं, ते झाकणं, याला आपल्या परंपरेनं भावाचाच दर्जा दिला आहे. 'मोटर जाम होते' हे काकाजींचं अवहित्थ. माझ्या नायकाजवळ नुसता शोक होता.

दुसरी गोष्ट थोडक्यात. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर यांनी 1927 साली केंब्रिजला दिलेल्या व्याख्यानांत भरीव पात्राची कसोटी सांगितली. ते आपल्याला चकित करतं का, आणि ते चकित करणं आपल्याला पटतं का? डिसेंबरातला कूलर चकित करतो. लूमचं कळलं की तो पटतो. चकित करणं आणि पटणं, दोन्ही लागतं.

मी कथा पुन्हा लिहिली. रडणं सगळं काढलं, कूलर आणला आणि वाचून दाखवायला गेलो. काकाजी ऐकत होते, मान हलवत होते. वाचून झालं. तेवढ्यात आतून, कुरडयांच्या चिकाचं पातेलं चुलीवर होतं तिथून, काकूंचा आवाज आला. "ते बिल कोन भरे, ते लिहिलं काय?"

मी लिहिलं नव्हतं. मला ते ठाऊकच नव्हतं.

काकू हात पुसत दारात आल्या. मिल बंद झाल्यापासून त्या लोकांच्या कुरडया-पापड करून द्यायच्या आणि थंडीतलं बिल त्या पैशांतून जायचं. दिवसा भांडण बिलाचं होतं आणि बिल भरणाऱ्याही त्याच होत्या. काकाजींनाही हे त्या दिवशीच कळलं. ते त्यांच्याकडे बघत राहिले. काकू म्हणाल्या, "पाहून काय राहिले? चीक लागन खाली," आणि आत गेल्या.

घरी येऊन मी नवा कागद घेतला आणि कथा तिसऱ्यांदा लिहायला बसलो. या वेळी सुरुवात काकूंपासून केली.

नमस्कार.