पाणी कोणी घालायचं?

(दृश्य : खिडकीत एक छोटी कुंडी. कोवळं ऊन.)

१९७० च्या दशकात अमेरिकेतल्या, वृद्ध जिथे कायमचे राहतात अशा एका शुश्रूषागृहात अशीच रोपं वाटली गेली. एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांचा तो प्रयोग होता. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलं, की रोपाची काळजी तुम्हीच घ्यायची. खोली कशी मांडायची, सिनेमा कोणत्या दिवशी पाहायचा, हेही त्यांनाच ठरवू दिलं. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण पाणी घालायचं परिचारिकांनी.

काही आठवड्यांतच पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत दिसू लागली, एकमेकांत मिसळू लागली.

दुसऱ्या मजल्यावर कुणाची हेळसांड होत नव्हती. उलट, सगळं हातात मिळत होतं. मला या प्रयोगातली हीच गोष्ट टोचत राहते. "तुम्ही बसा, आम्ही करतो," हे वाक्य आपण प्रेमानंच म्हणतो ना! आधी हातातली पिशवी काढून घेतली जाते, मग किल्ल्या, मग हिशेबाची वही. आणि एका सकाळी उठावं कशासाठी, तेच कळेनासं होतं.

(दृश्य : रिकामा लांब व्हरांडा. हळूहळू पक्ष्यांचा किलबिलाट.)

न्यूयॉर्क राज्यातल्या एका शुश्रूषागृहात डॉ. बिल थॉमस यांना १९९१ च्या सुमारास तीन दुखणी दिसली : एकटेपणा, असहायता, कंटाळा. त्यांनी तिथे दोन कुत्री, चार मांजरं आणि शंभर पक्षी आणले. अबोल झालेली माणसं बोलू लागली. खोलीबाहेर न पडणारे कुत्र्याला फिरवून आणतो म्हणत पुढे आले.

प्रत्येक दुःखावर हा उतारा नाही, हेही सांगायला हवं. जोडीदार गेल्यावरची पोकळी कुंडीनं भरत नाही. आणि आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप-भूक हरपली असेल, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. नैराश्य हा आजार आहे आणि उतारवयातही त्यावर उपचार होतात.

(दृश्य : सुई, रंगीत दोरे. मग ब्रश.)

अमेरिकेतल्या ॲना मेरी रॉबर्टसन मोझेस यांना संधिवातामुळे भरतकामाची सुई धरवेना. पंचाहत्तरी उलटल्यावर त्या चित्रं काढण्यात रमल्या. १९६१ मध्ये, १०१ वर्षांच्या होऊन त्या गेल्या, तोवर 'ग्रँडमा मोझेस' हे नाव दूरवर पोचलं होतं. त्या प्रसिद्धीपेक्षा मला तो एक क्षण मोलाचा वाटतो : सुई खाली ठेवली, पण हात रिकामा राहू दिला नाही.

(दृश्य : पुन्हा तीच कुंडी. सुरकुतलेला हात, छोटी झारी.)

हात थरथरतोय. निम्मं पाणी बाहेर सांडतंय. घरातलं कुणीतरी झारी घ्यायला पुढे येतं.

आणि थांबतं.